चार महिन्यांचं कपाळ

डॉक्टर इर्मानं पांढऱ्या पेन्सिलीनं खुणा केल्या,
आई कापडावर खडूनं करायची तशा.
पाच भुवयांच्या मध्ये, चार वर कपाळात.
म्हणाली, रागव.
सोपं होतं. सकाळीच साहेबानं
किनाऱ्यावरचा नवा फ्लॅट दाखवायला
सव्वीस वर्षांच्या मुलीला पाठवलं होतं.
"अस्सं. थांब." आणि रागाच्या मुळाशी सुई.
"आता चकित हो."
ते जरा जड गेलं.

मुंगी चावल्याइतकं दुखलं.
चार तास आडवं व्हायचं नाही, कपाळ चोळायचं नाही,
पैसे तीन हप्त्यांत.
मी नदीकाठानं चालत घरी आले.
माँतेविदेओत नदी समुद्राएवढी रुंद आहे
आणि वारा कुणाचंच कपाळ बघत नाही.

दहाव्या दिवशी सगळं इस्त्री केल्यासारखं.
साहेब म्हणाला, सुट्टी मानवली हं, मिर्ता.
त्या आठवड्यात मी दोन फ्लॅट विकले.
हे लपवण्यात अर्थ नाही.

रविवारी ला तेखात, आईकडे.
आई दोन वर्षांची असताना
मेंदूज्वरानं तिचे कान नेले. हात ठेवले.
माझी पहिली भाषा तिच्या हातांची;
तोंडाची मी नंतर शेजाऱ्यांकडून उसनी आणली.

मी हातांनी विचारलं : गोळ्या घेतल्या?
ती म्हणाली : बरं. कसल्या?
मी पुन्हा : गोळ्या. घेतल्या?
ती : हो, कळलं, तू घेतल्यास. मला काय सांगतेस?

तेव्हा लक्षात आलं.
आमच्या भाषेत हात फक्त वाक्य बोलतात,
प्रश्न विचारतात त्या भुवया.
आणि माझ्या भुवया
कुलूप लावलेल्या दुकानासारख्या शांत.

तिनं सूप उतरवलं.
कांद्याच्या वासाच्या हातांत माझा चेहरा धरला,
अंगठ्यानं कपाळ दाबून पाहिलं,
कापडात हरवलेली सुई शोधावी तसं.
मग घाबरून : झटका आला? सुल्मासारखा?
आणि निघालीच शेजारणीला बोलवायला.
मी दारात आडवी. टोचण्याची खूण. नऊ वेळा.
: कितीला?
बोटांनी आकडा सांगितला.
तिनं कपाळाला हात लावला,
स्वतःच्या.

बराच वेळ गप्प. म्हणजे हात मांडीवर.
मग म्हणाली :
तू सहा महिन्यांची होतीस, बोटं अजून मुठीत.
दिवा विझला की भुवया वर करायचीस.
मी सगळ्यांना सांगायचे, बघा, ही विचारते.

मी तिच्या दोन भुवयांमधल्या आठीकडे पाहत होते.
रुपया उभा राहील एवढी खोल.
म्हटलं, तुला हवंय? मी पैसे देते.
(शेवटी हवेत बोटानं प्रश्नचिन्ह काढलं.
आता तसंच करावं लागायचं.)
ती हसली, नाकातून, मोठ्यांदा,
तिला न ऐकू येणारं तिचं ते हसू.
: ही माझी नाही. ही ऐकणाऱ्यांनी पाडलीय.
बँकेत, दवाखान्यात, तुझ्या शाळेत
भराभर हलणाऱ्या ओठांना
अठ्ठ्याहत्तर वर्षं मी विचारतेय : काय? काय?
ती गेली तर मी विचारू कशानं?

चार महिने मी हवेत प्रश्नचिन्हं काढली.
पाठीवर मारावं तसं आई प्रत्येकाला टिंब द्यायची,
माझ्या खांद्यावर, बोटानं.

काल चुलीपाशी ती पाठमोरी होती, वळली.
मी विचारलं, मीठ?
बोट वर न्यायला विसरले.
ती म्हणाली, चिमूटभर, आणि वळली परत.
डावी भुवई. फक्त डावी.
तिनं काही पाहिल्याचं दाखवलं नाही.

रात्री दाताचा ब्रश तोंडात धरून
आरशासमोर मी चकित होऊन पाहिलं.
एक रेघ आली, अर्धी,
झोपमोड झाल्यासारखी.

इर्माकडून निरोप आलाय :
शुक्रवारी साडेचारला तुमची वेळ आहे, येताय ना?
अजून रद्द केलेली नाही.